वाङ्निश्चय, पण वाचा कोणाची?

साखरपुड्याच्या आमंत्रणपत्रिकेवर आपण ‘वाङ्निश्चय’ असा भारदस्त शब्द छापतो. वाक् म्हणजे वाणी. वाणीने केलेला निश्चय तो वाङ्निश्चय. तेव्हापासून मुलगी ‘वाग्दत्त वधू’ होते, म्हणजे शब्दाने दिलेली. गंमत अशी, की ज्या विधीच्या नावातच वाणी आहे, त्या विधीत ज्यांचे लग्न ठरते ती दोघे परंपरेने तोंडच उघडत नाहीत. शब्द देतात दोन्हीकडची वडीलधारी मंडळी. मुलगी पाटावर बसते, तिची ओटी भरतात, हातात साखरेचा पुडा देतात, आणि फार तर शेवटी एखादी मावशी म्हणते, “आता नाव घे बाई!”

आपल्या अमिरातीतल्या मराठी घरांत हे चित्र आता पालटू लागले आहे. गेल्या तीन-चार वर्षांत दुबई, शारजा आणि अबू धाबीत मी ज्या साखरपुड्यांना गेले, त्यांतल्या निम्म्याहून अधिक ठिकाणी अंगठी घालण्यापूर्वी मुलाने आणि मुलीने स्वतः लिहिलेले शब्द एकमेकांना वाचून दाखवले. मला हा बदल मनापासून आवडतो. पण त्याचबरोबर असेही जाणवते, की एक नवा वाङ्मयप्रकार आपल्या डोळ्यांदेखत जन्माला येतो आहे आणि त्याची समीक्षा मात्र कोणीच करत नाही. कारण उघड आहे. लग्नघरी टीका करणाऱ्याच्या पानात जिलबी पडायची नाही! म्हणून ते काम मी इथे, आपल्या पुरवणीच्या आडोशाने आणि कोणाचेही नाव न घेता करते.

या प्रकाराची लक्षणे आधी सांगते. लांबी दोन ते चार मिनिटे. वाचन मोबाइलवरून. भाषा इंग्रजी, शेवटी आजीसाठी एखादे मराठी वाक्य, वरून दिलेल्या फोडणीसारखे. इंग्रजीबद्दल माझी तक्रार नाही. आपल्या मुलांचे जोडीदार आज मल्याळी आहेत, तमिळ आहेत, लेबनीज आहेत. दोघांना समजेल त्या भाषेतच बोलले पाहिजे. आशयाचे साधारण तीन भाग पडतात. पहिल्यात आठवणी: बुरजुमानच्या मेट्रो स्टेशनवर पहिल्यांदा भेटलो, तेव्हा तू निळा शर्ट घातला होतास वगैरे. दुसऱ्यात कौतुक: तू किती समंजस, तुझ्यामुळे मी किती बदललो. तिसऱ्यात वचने, आणि ती बहुतेक विनोदी: टीव्हीचा रिमोट तुझ्याकडे राहील, शेवटचा समोसा मी खाणार नाही. पाहुणे हसतात, टाळ्या वाजतात, अंगठी बोटात जाते.

यात वाईट काय? वाईट काहीच नाही. पण मी व्यवसायाने सॉफ्टवेअरवाली. आमच्याकडे ग्राहकाची एखादी अपेक्षा कागदावर उतरवताना एक साधा नियम पाळतात: जी अट मोडली की नाही हे तपासता येत नाही, ती अट नव्हे. ‘प्रणाली वेगवान असावी’ ही इच्छा झाली. ‘तीन सेकंदांत उत्तर यावे’ ही अट. हीच फूटपट्टी या मजकुरांना लावली तर काय उरते? ‘मी सदैव तुझा आधार होईन’ हे वाक्य मोडले हे कधी कळणार, आणि कोणाला? समोशाचे वचन तेवढे तपासता येते. पण ते मोडल्याने कोणाचे काही बिघडत नाही म्हणूनच ते दिलेले असते. थोडक्यात, या मजकुरांत स्तुती आहे, स्मृती आहे. शब्द देणे मात्र नाही. आणि ते एकमेकांकडे पाहून म्हटले तरी बोलणे असते पाहुण्यांशी.

यावर आपल्यातली काही ज्येष्ठ मंडळी म्हणतात, “हे सगळे पाश्चात्त्यांचे खूळ. आपल्या परंपरेत सगळे आहे.” तेही तपासून पाहू.

आधी उखाणा. या शब्दाचा मूळ अर्थ कोडे. बायकोने नवऱ्याचे नाव उघड घ्यायचे नाही, या दंडकातून स्त्रियांनी काढलेली ही चतुर पळवाट. दोन ओळींचे यमक जुळवायचे आणि दुसऱ्या ओळीत नाव अलगद पेरायचे. पळवाट म्हणून मला उखाण्याचे कौतुकच आहे. पण त्याची रचना पाहा. पहिली ओळ कशाचीही असू शकते. नाव तेवढे बदलायचे. आमच्या भाषेत याला साचा म्हणतात. सांगलीला माझ्या वाङ्निश्चयात मी जो उखाणा घेतला त्यात चांदीची वाटी होती आणि केशरही होते. दोन्ही वस्तू आमच्या दोघांच्याही घरात नव्हत्या. माझ्या आधी माझ्या दोन मावसबहिणींनी त्याच वाटीत आपापले नवरे बसवले होते. उखाण्यात बाई बोलते हे खरे. पण ती सभेपुढे परीक्षा देते, समोरच्या माणसाशी बोलत नाही.

मग मंगलाष्टके. शार्दूलविक्रीडिताची एकोणीस अक्षरी चाल, दोन्ही घराण्यांची नावे गुंफलेली, आत्याने किंवा मामाने रचलेली, गुलाबी कागदावर छापून मांडवात वाटलेली. खास त्या जोडप्यासाठी लिहिलेला मजकूर आपल्याकडे नव्हता असे कोण म्हणेल? पण मंगलाष्टके हा आशीर्वाद आहे. म्हणणारे दुसरे, आणि वधूवर अंतरपाटाच्या दोन बाजूंना मुकाट उभे. समर्थ रामदासांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो: बोहल्यावर उभ्या असलेल्या नारायणाने ‘सावधान’ हा शब्द ऐकला आणि मांडवातून पळ काढला. लग्नातले शब्द मन लावून ऐकणारा नवरदेव म्हणून आपल्या लोकस्मृतीत जो एकमेव राहिला, तो असा पळून गेलेला! बाकीच्यांनी ते शब्द ऐकले नाहीत म्हणून लग्ने लागली, असा याचा कोणी अर्थ काढला तर मी हरकत घेणार नाही.

आता सप्तपदी. इथे खरोखर वचनाचा सूर आहे. अन्न, बळ, समृद्धी, सुख, संतती, ऋतू अशी एकेका पावलाची मागणी, आणि सातव्या पावलाला सख्य. सातव्या पावलाशी मैत्री ठेवणाऱ्याच्या बुद्धीला मी नमस्कार करते. पण हे शब्द संस्कृतात, गुरुजींच्या तोंडून, आणि छायाचित्रकार ‘इकडे पाहा’ म्हणत असताना उच्चारले जातात. त्याहून बोलके आहे कन्यादानातले ‘नातिचरामि’. धर्मात, अर्थात आणि कामात हिला सोडून मी वागणार नाही, असा त्याचा आशय. हे वचन नेमके आहे, मोडले तर कळते, आणि ते मागितल्यावर दिले जाते. तरी एक गोष्ट डोळ्यांत भरते. मागणारा वधूचा पिता आणि देणारा वर. जिच्याबद्दल हे सारे चालले आहे ती शेजारी बसून दोन पुरुषांचे बोलणे ऐकते.

पाश्चात्त्यांकडे तरी काय होते? अंगठीसोबत शब्द उच्चारण्याची आज जगभर पसरलेली इंग्रजी पद्धत 1549 साली सिद्ध झालेल्या इंग्लंडच्या चर्चच्या प्रार्थनापुस्तकातून आली. त्यात अंगठी एकच, ती घालणारा नवरा, आणि तीबरोबर बोलणाराही तोच. आपली सारी ऐहिक मालमत्ता तो त्या क्षणी बायकोला देऊ करतो. ऐकायला फार थोर वाटते. पण इंग्लंडचा कायदा नेमका उलटा होता. लग्न लागताच बायकोचीच पुष्कळशी मालमत्ता नवऱ्याच्या ताब्यात जाई, आणि हे पुरते बदलायला 1882 सालचा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा यावा लागला. तीनशेहून अधिक वर्षे वेदीपुढे एक बोलले गेले आणि कचेरीत दुसरेच घडले. सुंदर शब्दांवर समीक्षकाने डोळे मिटून विश्वास का ठेवू नये, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

म्हणजे घरचे अपुरे आणि बाहेरचेही अपुरे. मग धडा घ्यायचा कोणाकडून? माझे उत्तर आहे, जोतीराव फुले यांच्याकडून. 24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला समाजाच्या पद्धतीने पहिले लग्न लागले. पुरोहित नाही, दक्षिणा नाही, खर्च अगदी थोडा. हा इतिहास आपल्याला शाळेत थोडाफार शिकवतात. जे शिकवत नाहीत ते म्हणजे जोतीरावांनी लिहिलेले लग्नाचे शब्द. 1887 साली समाजाचा पूजाविधी मंगलाष्टकांसह पुस्तिकेच्या रूपात प्रसिद्ध झाला. वृत्त तेच, आपल्या कानांत बसलेले शार्दूलविक्रीडित. बदलले आहे ते बोलणारे तोंड. ही मंगलाष्टके आत्या-मामा म्हणत नाहीत. वर आणि वधू आळीपाळीने एकमेकांना म्हणतात. आणि त्यात वधू केवळ होकार देत नाही, ती मागते. आम्हा स्त्रियांना स्वातंत्र्याचा अनुभवच नाही, तेव्हा स्त्रियांना त्यांचे हक्क देशील अशी शपथ घे, असे ती भर मांडवात वराला सांगते. त्यावर वर म्हणतो, की स्त्रियांचे हक्क स्थापण्यासाठी मी झटेन, त्यासाठी खर्चाला मागे हटणार नाही, आणि इतर स्त्रियांना बहिणी मानून तुझ्याशीच एकनिष्ठ राहीन.

या मजकुराकडे कविता म्हणून पाहिले तर तो ओबडधोबड आहे. शब्द वृत्तात कोंबलेले आहेत, यतीचे हाल झाले आहेत. शिवाय एक रास्त आक्षेप घेता येतो: वधूच्या तोंडचा हा प्रश्न साठीला टेकलेल्या एका पुरुषाने लिहून दिलेला आहे, आणि तेव्हाच्या वधू म्हणजे बहुधा अजाण मुली. पाठ केलेली मागणी ती मागणी कसली? आक्षेप मला मान्य आहे. तरीही जोतीरावांनी केले ते असे, की विधीमध्ये मागणीसाठी एक जागा कोरून ठेवली. आज कोणी त्या जागी पाठ केलेले म्हणेल, उद्या दुसरी आपले स्वतःचे म्हणेल. जागाच नसेल तर शहाणी मुलगीसुद्धा उखाणा घेऊन गप्प बसते.

इथे मला आजच्या मजकुरांतली मुख्य उणीव सापडते. आपली मुले समजतात, की मजकूर ‘आपला’ असला, त्यात निळा शर्ट आणि मेट्रो स्टेशन आले, की तो खरा झाला. पण जोतीरावांचे शब्द तर प्रत्येक जोडप्याला तेच आहेत. भारताच्या 1954 सालच्या विशेष विवाह कायद्यातले वाक्यही सर्वांना एकच: मी अमुक, तुला तमुकला, कायदेशीर पती किंवा पत्नी म्हणून स्वीकारतो. परदेशातल्या भारतीयांसाठी असलेल्या 1969 च्या कायद्यात हीच घोषणा विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर, दोघांना समजणाऱ्या कोणत्याही भाषेत करावी असे म्हटले आहे. एका ओळीचे रुक्ष वाक्य. पण त्यात बोलणारा आहे, ऐकणारा आहे, साक्षीदार आहेत आणि बांधून घेणे आहे. उलट आता संगणकाला दोन नावे आणि चार आठवणी पुरवल्या की तो अर्ध्या मिनिटात डोळे पाणावतील असा ‘वैयक्तिक’ मजकूर लिहून देतो. ज्यांच्या पोटापाण्याचा धंदाच हा आहे त्यांनी सांगितलेले ऐका: आठवणी बदलत्या जागी भरणे हे यंत्राला सर्वांत सोपे जाते. तो चांदीच्या वाटीचाच नवा अवतार. यंत्र जे पुरवू शकत नाही ते म्हणजे, तुम्हाला समोरच्या माणसाकडून नेमके काय हवे आहे आणि ते मागायची तुम्हाला भीती का वाटते.

अंगठीपुरते बोलायचे तर आपल्याकडे एक जुनी कथा आहे, आणि तिची दोन रूपे शेजारी ठेवली की सगळे उलगडते. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’पासून, म्हणजे 1880 पासून, मराठी प्रेक्षकाला शकुंतलेची गोष्ट पाठ आहे. दुष्यंत आश्रमात गांधर्व विवाह करतो, नावाची अंगठी देतो, शापामुळे विसरतो; अंगठी पाण्यात पडते, माशाच्या पोटात सापडते आणि राजाला सारे आठवते. हे कालिदासाचे कथानक. महाभारतातली शकुंतला मात्र वेगळी आहे. तिथे अंगठीच नाही. तिथे शकुंतला लग्नाला होकार देण्यापूर्वी अट घालते, की माझा मुलगा तुझ्यानंतर राजा झाला पाहिजे. दुष्यंत कबूल करतो. पुढे भर दरबारात तो ओळख नाकारतो, तेव्हा ती त्याला त्याच शब्दाची आठवण देऊन सडेतोड भांडते. कालिदासाने नाटक अजरामर केले यात शंका नाही. पण त्या देवाणघेवाणीत काय झाले पाहा: मागणी गेली आणि तिच्या जागी अंगठी आली. ज्या शकुंतलेजवळ शब्द होता ती भांडू शकली; जिच्याजवळ फक्त अंगठी होती तिला ती सापडेपर्यंत थांबावे लागले.

आणि आपल्या इथे, या वाळवंटी देशात, मागण्यासारखे थोडे नाही. इथले आपले राहणे व्हिसावर, आणि व्हिसा कोणाच्या तरी नावावर. मी 2009 साली इथे आले तेव्हा डॉक्टरेटचा कागद माझ्या बॅगेत होता आणि पासपोर्टातल्या निवासाच्या शिक्क्यात माझा व्यवसाय ‘गृहिणी’ असा लिहिलेला होता. गृहिणी असण्यात कमीपणा नाही. पण तो निर्णय मी केला नव्हता, आमच्या दोघांत त्यावर एक वाक्यही झाले नव्हते. नवऱ्याचा स्वभाव चांगला म्हणून वर्षभरात मार्ग निघाला. मार्ग स्वभावावर सोडलेला असतो तेव्हा तो नशिबाचा भाग होतो. माझ्या ओळखीत अशा तिघी आहेत, की ज्यांच्या पदव्या अजून बॅगेतच आहेत. त्यांच्या साखरपुड्याच्या चित्रफिती फार देखण्या आहेत.

आता तर इथला कायदासुद्धा पुढे गेला आहे. अबू धाबीने 2021 साली मुस्लिमेतरांसाठी नागरी विवाहाचा कायदा केला. साऱ्या अमिरातीसाठीचा संघराज्याचा कायदा 1 फेब्रुवारी 2023 पासून लागू झाला. अबू धाबीतल्या विवाहाच्या करारात दोघांना आपसांत ठरवलेल्या अटी लिहिता येतात. सरकारी छापील कागद विचारतो, तुमच्या अटी काय? आणि आपली मुले, जी त्याच आठवड्यात समोशावर दोन परिच्छेद लिहितात, ती रकाना कोरा ठेवतात.

माझ्या पुतणीचा साखरपुडा गेल्या हिवाळ्यात झाला. मुलगा त्रिशूरचा, वाढलेला शारजात. तिने आपले चार पानी इंग्रजी भाषण मला तपासायला पाठवले आणि लिहिले, “काकू, शेवटचं मराठी वाक्य नीट करून दे.” मी मराठी वाक्य दुरुस्त केले, आणि सोबत कळवले, की भाषण राहू दे बाजूला; तुम्ही दोघांनी एकमेकांना विचारायचे तीन-तीन प्रश्न लिहा, उत्तरे मात्र लिहून ठेवू नका. पहिले दोन दिवस ती माझ्यावर रुसली. “हे काय, इंटरव्ह्यू आहे का?” असेही म्हणाली. मग प्रश्न आले. ते सर्व इथे सांगणे बरे नाही. त्यांतला एक तिच्या परवानगीने सांगते. तिने विचारले, “माझी नोकरी उद्या दुसऱ्या देशात गेली, तर तू माझ्या व्हिसावर येशील का?” सभागृहात शांतता पसरली. मुलाच्या आईने चष्मा काढून पुसला. मुलगा थोडा वेळ थांबला आणि इंग्रजीत म्हणाला, की येईन, पण आधी सहा महिने दे. माझ्या आई-वडिलांची व्यवस्था मला स्वतः लावावी लागेल. ती म्हणाली, “दिले.” मग अंगठ्या घातल्या.

यमक नाही, विनोद नाही, टाळ्याही जरा उशिराच पडल्या. पण समीक्षक म्हणून विचाराल तर या तीन वाक्यांत मी शोधत होते ते सगळे होते: मागणी, अटीसह होकार, त्या अटीला मान्यता, आणि ऐकणारे दोनशे साक्षीदार. सहा महिन्यांची अट तर मला विशेष मोलाची वाटते. नुसते ‘हो, कुठेही येईन’ असे उत्तर आले असते तर सभागृह जास्त खूष झाले असते आणि मी जास्त काळजीत पडले असते. ज्याने अवधी मागितला त्याने प्रश्न खरोखर ऐकला होता.

तेव्हा ज्या घरांत येत्या मोसमात वाङ्निश्चय आहेत त्या घरांतल्या मुलामुलींना माझी विनंती अशी: आठवणी अवश्य सांगा, समोसाही राहू द्या, पण अंगठी घालण्यापूर्वी एक तरी प्रश्न असा विचारा, ज्याचे उत्तर तुम्हाला आधी ठाऊक नाही. प्रश्न मराठीत असो वा मल्याळीत, दोघांना समजला म्हणजे झाले. यमकाची अडचण आली तर काकूला फोन करावा. आणि ज्यांचे वाङ्निश्चय वीस वर्षांपूर्वी उखाण्यावर आटोपले, त्या आम्हा मंडळींनाही प्रश्न विचारायला बंदी नाही. त्याला मुहूर्त लागत नाही, हॉलही लागत नाही. मी माझा एक लिहून ठेवला आहे. पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी चहाबरोबर विचारणार आहे.